दाढोबाचा चातुर्मास

व्हिसा हातात पडला, तिकिटं निघाली, मेतकूट आणि भडंगाच्या पुड्या वजनकाट्यावर चढवून उतरवून झाल्या, आणि मग मुलानं फोनवर सांगितलं, "आई, एक सांगायचं राहिलंच. आपल्या घरी सरडा आहे."

मला वाटलं, अंगणातून आत शिरला असेल. म्हटलं, "मग त्यात काय? केरसुणीनं हळूच बाहेर काढ."

"काढायचा नाही गं. पाळलाय."

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, ती माझ्या मनात पहिल्यांदा चुकचुकली ती तेव्हा. पण तिकिटं परत होणारी नव्हती.

मी एकतीस वर्षं सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. 'सरडा हा शीतरक्ताचा प्राणी आहे' हे वाक्य मी किती तुकड्यांना उतरवून दिलं, त्याला गणती नाही. पण त्या शीतरक्ताच्या प्राण्याबरोबर एका छपराखाली सहा महिने काढायचे, असलं प्रात्यक्षिक आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

एप्रिलात आम्ही सिडनीला उतरलो. विमानतळावर माझ्या बॅगेतली डाळ, भडंग, मेतकूट सगळं उलटंपालटं करून तपासलं गेलं. या देशात बाहेरचा एक किडादेखील येऊ देत नाहीत. आणि तिथून तासाभरात, पॅरामॅटाजवळच्या मुलाच्या घरी पोहोचले तर नातू दुकानातून डॉलर मोजून आणलेला रातकिड्यांचा डबा हलवत दारात उभा! म्हटलं, यांचंही बरोबर आहे. स्वदेशीचा आग्रह धरावा तर असा.

हॉलमध्ये, आपल्याकडे जिथे टीव्ही असतो तिथे, चार फुटी काचेची पेटी होती. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली चाळीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीस. म्हणजे नागपूर ते महाबळेश्वर हा प्रवास हा प्राणी दिवसातून आठदा करणार, तोही तिकिटाशिवाय. वर एक अतिनील किरणांची नळी. ती नसली तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही, हाडं मऊ होतात. मी स्वतः त्याच जीवनसत्त्वाची गोळी दर रविवारी घेते. त्यामुळे त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटली ती पहिल्यांदा इथे.

नातू ईशान तेरा वर्षांचा. त्यानं ओळख करून दिली: बिअर्डेड ड्रॅगन, मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात, मुलाच्या नावावर रीतसर सरकारी परवाना. मी लगेच कुळाची चौकशी केली. कूळ अगॅमिडी. आपल्याकडे कुंपणावर बसून जोर काढणारा सरडा असतो ना, तोही याच कुळातला. म्हणजे पालीशी नातं लांबचं, आपल्या सरड्याशी भाऊबंदकीचं. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. पोगोना हे ग्रीकमधल्या दाढीवरून आलेलं. राग आला की हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवतो आणि काळी करतो, तीच ती दाढी.

ईशाननं त्याचं नाव स्पाइक ठेवलं होतं. पण आमचे हे त्याच शाळेत मराठी शिकवत. ते म्हणाले, "दादोबांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. हा आमचा दाढोबा." झालं. त्या दिवसापासून स्पाइक शाळेच्या कागदावर उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीजवळ गेले तर दाढोबानं पुढचा उजवा पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. मी विरघळलेच. "बघा, माणसं ओळखतो! नमस्कार करतो मला!"

ईशान म्हणाला, "आजी, तो नमस्कार नाहीये. तो म्हणतोय, तू मोठी आहेस, मला मारू नकोस."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग ओळखतोच की."

उचलायचं शास्त्रही वेगळं. वरून हात न्यायचा नाही. त्याच्या डोक्याच्या मधोमध, एका खवल्याखाली, तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की आकाशातून पक्षी झेपावला असंच तो धरून चालतो. तेव्हा समोरून हात दाखवायचा आणि पोटाखालून अलगद उचलायचं. तिसरा डोळा उघडला की काय होतं हे आपल्याला पुराणातून ठाऊक आहे. मी पहिले दोन आठवडे त्याला लांबूनच हात दाखवला.

पण माझा खरा प्रांत स्वयंपाकघर. मोठ्या वयाच्या दाढोबाला किडे कमी आणि पाला जास्त लागतो, हे कळल्यावर मी ती जबाबदारी ओढूनच घेतली. पालक नको, त्यानं कॅल्शियम अडतं. अ‍ॅव्होकॅडो तर विषच. लाल भोपळा चालतो, गाजर चालतं, बोकचॉय चालतो, जास्वंदीचं फूल तर फार आवडतं. आमच्या गणपतीची आवड आणि ह्याची आवड एकच निघाली म्हटल्यावर मी भोपळा असा बारीक चिरायला लागले की सूनबाई म्हणाली, "आई, इतकी बारीक कोशिंबीर तुम्ही आमच्यासाठी कधी केली नाहीत."

किड्यांचं खातं ईशानकडे. तो रातकिडे एका पिशवीत घालायचा, वर कॅल्शियमची पांढरी पूड टाकायचा आणि पिशवीचं तोंड धरून हलवायचा. पापलेटाला रवा लावतात, अगदी तस्सं. मग तो पांढराफटक रातकिडा पेटीत सुटला की दाढोबा मान तिरकी करी, क्षणभर थांबे, आणि चिकट जीभ बाहेर येऊन कुर्रम असा आवाज होई. ताज्या भडंगाचा होतो तसा. मी आठवडाभर भडंग खाल्लं नाही.

रातकिड्यांशिवाय अळ्याही असत. त्या थंडीत सुस्त राहतात आणि टिकतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात. आता मराठी घरातल्या फ्रिजमध्ये वस्तू कशात ठेवतात, हे मी वाचकांना सांगायला नको. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. सूनबाईनं झाकणावर चिठ्ठीही लावली होती, पण इंग्रजीत, आणि ह्यांना मधुमेह आहे. या दोन गोष्टींचा संबंध असा, की रात्री साडेअकराला, दिवा न लावता, चष्मा न घालता, हातात चमचा घेऊन जो माणूस फ्रिज उघडतो तो चिठ्ठ्या वाचत नाही.

किंकाळी फार मोठी नव्हती. मी उठून गेले तेव्हा हे ओट्याला टेकून उभे होते आणि चमच्यावर कोंडा आणि कोंड्यात तीनचार अळ्या वळवळत होत्या. आम्ही दोघंही काही बोललो नाही. सकाळी साखर तपासली तर दहा वर्षांत पहिल्यांदा इतकी छान आली होती.

मे महिना असा मजेत गेला. दाढोबाचं वजन ईशान दर रविवारी माझ्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर करी. वाडग्यात बसवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ४३१ ग्रॅम. "माझ्या हातचं लागू पडलंय," असं मी सांगलीच्या बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा. आणि तेच नडलं, असं मला पुढे वाटायला लागलं.

जूनचा दुसरा आठवडा. तिकडे तेव्हा हिवाळा. पाच वाजता अंधार, दिवस दहा तासांचासुद्धा नाही, आणि घरात आम्ही सगळे रजईची टोकं ओढत असलेले. सकाळी मी भोपळा-गाजर ठेवलं. संध्याकाळी ते तसंच, कडेनं वाळलेलं. दुसऱ्या दिवशी जास्वंद ठेवली, ती कोमेजली. रातकिडा समोरून चालत गेला, इतकंच नाही, त्याच्या पाठीवर चढून उतरला, तरी दाढोबानं नुसता एक डोळा उघडला आणि मिटला. मग त्यानं नागपूर सोडलं आणि कायमचा महाबळेश्वरला गेला. दगडाआडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, हातपाय मागे टाकून बसला.

आपल्याकडे कोणी भिंतीकडे तोंड करून बसलं आणि जेवलं नाही तर त्याला रुसणं म्हणतात. मी आठवायला लागले, आपलं काही चुकलं का? परवा मी त्याच्या देखत ह्यांना म्हणाले होते, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तसे तुम्ही सोफ्यापासून फ्रिजपर्यंत." ते त्याला लागलं असेल का?

रविवारी मराठी मंडळातल्या बायका हळदीचं लोणचं घेऊन आल्या. त्यांचं निदान पाच मिनिटांत झालं. एक म्हणाली, पोट धरलंय, ओव्याचं पाणी द्या. दुसरी म्हणाली, हिंग लावा बेंबीला. सरड्याला बेंबी कुठे, हा विज्ञानाचा प्रश्न मी शिक्षिका असूनही मला त्यावेळी सुचला नाही. मी खरोखर त्याला उलटा करून बघितला. तिसरी हळूच म्हणाली, "नजर. फार कौतुक केलंत तुम्ही."

ते मनात रुतलं. रात्री सगळे झोपल्यावर मी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, पेटीवरून तीनदा ओवाळल्या आणि स्वयंपाकघरात आले. तिथे लक्षात आलं, मुलाच्या घरी इंडक्शनची शेगडी. दृष्ट जाळायला आधी जाळ लागतो. मूठ आवळून मी पाच मिनिटं तशीच उभी. इतक्यात पाणी प्यायला ईशान आला.

"आजी, हातात काय आहे?"

एकतीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पोस्टरखाली उभं राहून तास घेतलेली बाई म्हणाली, "फोडणी."

शेवटी मुलानं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. दाढोबाला एका खोक्यात मऊ टॉवेलवर ठेवलं. फी ऐकून मी मनातल्या मनात पंचावन्ननं गुणलं आणि घाईघाईनं परत भागलं. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. तिनं दाढोबाला हात लावण्याआधी आम्हालाच अर्धा तास तपासलं. शेवटची शी कधी केली? अतिनील नळी कधी बदलली? ती दिसायला पेटलेली असली तरी काही महिन्यांनी तिच्यातले किरण कमी होतात. कात टाकतोय का? त्या दिवसांतही भूक कमी होते. पेटीची जागा बदलली? मादी असेल आणि पोटात अंडी असतील तरी खाणं सुटतं. नर जवळ नसतानाही माद्या अंडी घालतात. आणि मग तिनं विचारलं, "घरात अलीकडे कोणी नवीन माणूस आलंय का?"

मुलानं, सुनेनं आणि ईशाननं, तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरीण हसली. वजन ४१८ ग्रॅम. तोंड आतून स्वच्छ, डोळे खोल गेलेले नाहीत, श्वास मोकळा. जंतांसाठी शी तपासली, तीही बरी निघाली. मग ती म्हणाली, "हा आजारी नाही. हिवाळा आलाय हे त्याला कळलंय, म्हणून झोपायला निघालाय."

ती पुढचं समजावत होती आणि माझ्या कानशिलांत उष्णता चढत होती. 'शीतनिद्रा म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या. गुण दोन.' बेडूक लिहिलं की एक गुण, सरडा लिहिलं की दुसरा. एकतीस वर्षं मी त्या सरड्याला गुण देत आले आणि प्रत्यक्ष सरडा उत्तर लिहून माझ्यापुढे बसला तर मी त्याच्या बेंबीत हिंग घालायला निघाले होते!

दोन उदाहरणांपलीकडचं मला त्या दिवशी कळलं. सरपटणाऱ्यांच्या या झोपेला ब्रूमेशन म्हणतात. ती सलग नसते. मधूनच उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा झोपायचं. पेटीत दिवे लावून उन्हाळ्याची कितीही बतावणी करा, कित्येकांना बाहेरचा ऋतू कळतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आता आग्रह करून भरवायचं नाही. आपलं अन्न आपल्या अंगच्या उबेवर पचतं. त्याला ती ऊब बाहेरून घ्यावी लागते. त्याचा जठराग्नी छताला टांगलेला. दिवा कमी झाला आणि पोटात अन्न राहिलं, तर ते पचत नाही, कुजतं. म्हणजे मायेनं घातलेला एक घास त्याचा जीव घेऊ शकतो.

मी गप्प बसले. आमच्या घराण्यात मायेला दुसरा शब्दच नाही. परगावाहून माणूस आलं, "जेवलास का?" परीक्षेत नापास झालं, "आधी दोन घास खा." कोणी गेलं, तर पिठलं-भात घेऊन शेजारणी दारात. साठ वर्षं मी हीच एक भाषा बोलत आले, आणि एका परक्या देशात एक बाई मला सांगत होती की या जिवावर माया असेल तर ताट मागे घ्या.

तिनं एक कागद दिला, तो आम्ही फ्रिजवर लावला. दिव्यांची वेळ हळूहळू कमी करा. पाणी ठेवा. सारखं उचलू नका. आठवड्यातून एकदा वजन करा. दहावा हिस्सा घटलं तर घेऊन या.

आषाढी एकादशी गेल्या वर्षी, २०२५ साली, ६ जुलैला होती. त्याच आठवड्यात दाढोबा दगडाआड पूर्ण शिरला आणि डोळे मिटून पडला. हे म्हणाले, "देवशयनी. आज देवही निजतात. ह्यानं चातुर्मास धरलाय, त्यात काळजी कसली?" असं म्हणून त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीची तिसरी वाटी पुढे केली. मागून रताळ्याचे काप, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. घरात उपास करणारे आम्ही चौघं, आणि खरा उपास त्या पाचव्याचा.

सुरुवातीला मला राहवत नसे. दर तासाला जाऊन बघायची, पोट हलतंय का. एका रात्री ईशाननं शेजारी बसून मला सांगितलं की २०१६ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत ह्याच जातीच्या सरड्यांच्या झोपेतल्या मेंदूलहरी मोजल्या. आपल्याला स्वप्नं पडतात तेव्हाच्या झोपेशी जुळणारा टप्पा त्यांच्यातही सापडला. गाढ झोप आणि तो टप्पा, दोन्ही मिळून एक फेरा ऐंशी सेकंदांत पुरा.

"म्हणजे त्याला स्वप्नं पडत असतील?"

"माहीत नाही आजी. पडत असली तर छोटी छोटी."

कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी सलग इतकं बोलला होता. कारण दाढोबासारखं त्याचंही चाललं होतं. एप्रिलात माझ्या मागे मागे फिरणारं पोर जूनपासून खोलीचं दार लावून बसायला लागलं होतं. जेवायला बोलावलं की "हं". आवडीची पुरी केली, "भूक नाही". मी ताट घेऊन दार वाजवायची. एकदा, दोनदा, तीनदा. एक दिवस सूनबाई फ्रिजवरचा तो कागद बघत, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आई, ह्याची एक प्रत ईशानच्या दाराला लावू या का?"

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. पण कागद तिथेही बसत होता. पाणी ठेवा. सारखं उचलू नका. मी दार वाजवणं सोडलं. सोपं गेलं नाही. पहिले चार दिवस हात आपोआप वर जायचा. दहाव्या दिवशी रात्री दहा वाजता दार उघडलं आणि पोर ओट्याशी येऊन उभं राहिलं. "आजी, थालीपीठ आहे?" थालीपीठ नव्हतं. पाच मिनिटांत झालं. मी त्याला "अजून एक?" असंही विचारलं नाही. त्यानंच मागितलं.

ऑगस्ट सरत आला. २७ तारखेला गणपती. कुंडीतल्या जास्वंदीला थंडीत कसंबसं एकच फूल आलं होतं आणि ते मी पूजेसाठी राखून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी खडखड झाली. दाढोबा दगडाआडून बाहेर आला होता. चेहऱ्यावर भाव असा, की एस.टी. कऱ्हाडला थांबल्यावर जाग यावी. पाणी प्यायला. रखडत दिव्याखाली गेला, अंग चपटं केलं, रंग गडद केला, ऊन पिऊन घेतलं, आणि दोनतीन तासांनी तोंड उघडं टाकून बसला. उकडायला लागलं म्हणजे तो तसा बसतो. काटा आणला: ४०६ ग्रॅम. अडीच महिन्यांच्या उपासात घटले फक्त पंचवीस ग्रॅम.

कागदात लिहिल्याप्रमाणे दोन दिवस फक्त ऊन आणि पाणी. तोवर ते फूल गणपतीच्या पायाशी दीड दिवस राहिलं. विसर्जन करताना हे ते उचलून पाण्यात टाकणार, इतक्यात मी हात धरला. ते फूल, थोडं मऊ पडलेलं, मी दाढोबापुढे ठेवलं. समोरून हात दाखवून. त्यानं मान तिरकी केली, क्षणभर थांबला, आणि देठासकट संपवलं. मी काही बोलले नाही. बोलायचं नाही असं ठरलंच होतं. नजर लागते.

आता आम्ही सांगलीत आहोत. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. ईशान वाडग्यात दाढोबाला बसवून काटा कॅमेऱ्यासमोर धरतो. गेल्या रविवारचं वजन ४४० ग्रॅम. मी ईशानला "जेवलास का?" असं विचारत नाही. तोच आता विचारतो, "आजी, तू जेवलीस का?"

आणि ह्यांचं वजन ८२ किलो. चातुर्मास जवळ आलाय. फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्यावर मी कालच चिठ्ठी लावली: 'अळ्या'. ह्या वेळी मराठीत.